शेजाऱ्याकडे कागद नसतो, सावकाराकडे असतो

प्रति,
मा. प्रधान सचिव, विधी व न्याय विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
आणि
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरण, मुंबई

विषय : हातउसन्या पैशांच्या तोंडी व्यवहारांची वसुली आणि ग्राम न्यायालये

महोदय / महोदया,

‘तोंडी व्यवहार कोर्टात टिकत नाही’ हे वाक्य पोलीस ठाण्यातला हवालदार ऐकवतो, तहसीलच्या आवारातला स्टॅम्प व्हेंडर ऐकवतो आणि, सांगायला संकोच वाटतो, पण आमच्यातलाच एखादा वकीलही ऐकवून मोकळा होतो. कायद्यात असे काही नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १० ला दोघांची राजीखुशी, करार करण्याची पात्रता, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर उद्देश एवढे पुरते. करार लेखीच पाहिजे, ही अट दुसरा एखादा कायदा घालतो तिथेच लागू होते, आणि उसन्या पैशांना ती कोणी घातलेली नाही. मी शेजाऱ्याला ओट्यावर बसून ५०,००० रुपये दिले आणि तो ‘दिवाळीला देतो’ म्हणाला, की करार पुरा झाला. त्यावर दावा लावता येतो, साक्षीपुरावा होतो, हुकूमनामाही, म्हणजे पैसे देण्याचा न्यायालयाचा आदेशही, होतो.

मी तालुक्याच्या न्यायालयात दिवाणी कामे चालवतो. हातउसन्याचे पक्षकार माझ्याकडे नेहमी येतात आणि त्यातले बरेचसे दावा न लावताच परत जातात. मीच त्यांना परत पाठवतो असेही म्हणता येईल, कारण खर्च, वेळ आणि मनस्ताप यांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला तर ६०-७० हजारांसाठी दावा लावा असे सांगायला जीभ रेटत नाही. कायद्याने दिलेला हक्क बजावायला परवडेल असे दारच नाही, ही माझी तक्रार आहे. ते दार उघडण्याची तरतूद ग्राम न्यायालयांच्या, म्हणजे गावपातळीवर छोटे दावे स्वस्तात चालवायच्या न्यायालयांच्या, २००८ च्या कायद्यात पडून आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

आधी असा दावा चालतो कसा ते पाहा. एका बाईंचे प्रकरण सांगतो. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. बाई खानावळ चालवतात. मावसभावाला बोअर आणि पाइपलाइनसाठी त्यांनी १,८०,००० रुपये दिले. त्यातले १,१०,००० रोख, भिशी लागली होती त्यातले आणि डब्यात साठवलेले. उरलेले ७०,००० दीड वर्षाने, मोबाइलवरून त्याच्या खात्यात. कागद केला नाही. भावाकडून कागद मागायचा म्हणजे ‘ताई, माझ्यावर इसवास नाही का?’ हे ऐकून घ्यायचे, आणि ते ऐकायची तयारी आपल्याकडे फार कमी बायांची असते.

पुढचे आपण जाणताच. ऊस गेला की देतो. ऊस गेला, बिल निघाले नाही. बिल निघाले, ते सोसायटीने कापून घेतले. मग पोरीचे लग्न. एकदा १०,००० रुपये फोनपेवर आले, त्याखाली ‘बाकीचे पाडव्याला’. पाडवा झाला आणि भाऊ फोन उचलेना. नोटीस दिली तेव्हा त्याचे उत्तर आले की रोख रक्कम कधी मिळालीच नाही आणि खात्यावर आलेले ७०,००० हे खानावळीला घातलेल्या ज्वारी-गव्हाचे पैसे होते. तो खरोखरच अधूनमधून धान्य घालत असे. बँकेची नोंद एवढेच सांगते की पैसे गेले. ते उसने गेले की धान्यापोटी गेले, हे ती सांगत नाही. ते सिद्ध करण्याचा भार मागणाऱ्यावर.

उलटतपासातला थोडा भाग इथे देतो.

‘भिशी कोण चालवतं?’
‘आमच्या आळीतल्या काकू.’
‘भिशीची वही कोर्टात आणली?’
‘वही त्यांच्यापाशी असती.’
‘इन्कम टॅक्स भरता?’
‘नाही.’
‘म्हणजे तुमच्याकडे एवढी रोकड होती याला तुमच्या शब्दाशिवाय आधार नाही.’
‘पैसे नेताना त्यानं कुठं आधार मागितला होता, साहेब?’

जबाबात हे शेवटचे वाक्य नाही. तिथे एवढेच टंकलिखित आहे : ‘हे म्हणणे खरे आहे की, रोख रकमेबाबत माझ्याकडे लेखी पुरावा नाही.’ मी न्यायाधीशांना दोष देत नाही, जबाब असाच लिहितात. पण भिशी, डब्यातले पैसे, दूध डेअरीच्या दहा दिवसांच्या पगारातून बाजूला काढलेले पाचशे-हजार हे ज्या घरांचे अर्थकारण आहे, त्या घरातल्या माणसाला ‘पैसे आले कुठून’ या प्रश्नावर कागद दाखवता येत नाही. दिवाणी न्यायालयाला कोणाचे म्हणणे खरे असण्याची शक्यता जास्त एवढेच तोलायचे असते, शंकेपलीकडचा पुरावा मागायचा नसतो, हे पुस्तकात आहे. साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या बाईला मात्र आपणच आरोपी आहोत असे वाटत राहते.

बाईंची रोख रक्कम शेवटी अडकली ती मुदतीत. १९६३ च्या मुदत कायद्याच्या परिशिष्टात अनुच्छेद १९ आणि २१ आहेत : उसने दिलेल्या पैशांचा दावा तीन वर्षांत, आणि ती तीन वर्षे पैसे दिले त्या दिवसापासून मोजायची. ‘मागशील तेव्हा देईन’ असे ठरले असले तरी दिल्या दिवसापासूनच. परतीची ठरावीक तारीख असेल तर हिशेब वेगळा होऊ शकतो, पण हातउसन्यात तारीख कोण ठरवतो? लोकांची समजूत अशी की त्याने नाही म्हटले तिथून मुदत सुरू. त्यामुळे जो जास्त सोसतो, जास्त वेळा ‘राहू दे, सवडीने दे’ म्हणतो, त्याचीच मुदत आधी संपते. वर त्याच कायद्याचे कलम ३ सांगते की समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी न्यायालयाने आपण होऊन दावा फेटाळायचा. नात्यात भलेपणाने वागल्याची याहून मोठी शिक्षा मला तरी ठाऊक नाही.

यातून सुटायला दोन वाटा आहेत. कलम १८ प्रमाणे मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली तर तिथून नवी मुदत सुरू होते. कलम १९ प्रमाणे थोडी रक्कम परत केली तरी नवी मुदत मिळते, पण त्या परतफेडीची नोंद देणेकऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीने हवी. आता १०,००० रुपये फोनपेवर आले, त्यात हस्ताक्षर कुठले आणि सही कुठली? ‘बाकीचे पाडव्याला’ ही कबुली झाली का? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० इलेक्ट्रॉनिक लेखनाला लेखनाचा दर्जा देतो, त्याच्या आधारे आम्ही युक्तिवाद करतो. कधी पटतो, कधी नाही. ज्या देशात भाजीवाला क्यूआर कोडवर पैसे घेतो, तिथे यूपीआयने केलेली अंशतः परतफेड मुदतीच्या कामी धरायची की नाही हे तालुका-तालुक्यातल्या वकिलाच्या वाक्चातुर्यावर सोडणे बरे नाही. मुदत आणि दिवाणी कार्यपद्धती हे समवर्ती सूचीतले, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो असे, विषय आहेत. आपल्या विभागाला दुरुस्तीचा मसुदा करता येईल, निदान केंद्राकडे शिफारस तरी.

मोबाइलवरचे संदेश पुराव्यात आणणे हीदेखील एक यात्राच. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक वादात ठरवले की मूळ उपकरण न्यायालयात हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागणारच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने ते प्रमाणपत्र दोन भागांचे केले : भाग ‘अ’ पक्षकाराने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने, आणि त्यात त्या नोंदीचे हॅश मूल्य, म्हणजे नोंद बदललेली नाही हे पडताळण्यासाठी संगणकाने काढलेला सांकेतिक आकडा, लिहायचे. निवडणूक याचिकेत हे शोभते. पाडव्याच्या वायद्याच्या एका संदेशासाठी खानावळवालीने तालुक्याला हॅश मूल्य काढून देणारा तज्ज्ञ कुठून आणायचा? मूळ फोनच हजर करता येतो, पण मग तो प्रकरणासोबत अडकून पडण्याची तयारी ठेवायची. डब्याच्या ऑर्डरी त्याच फोनवर येतात.

रोखीच्या व्यवहारावर आणखी एक भीती लटकलेली असते, ती आयकराची. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम २६९ एसएसने २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक कर्ज रोखीने घ्यायला मनाई केली. मनाई घ्यायला, दंडही घेणाऱ्याला, आणि तोही घेतलेल्या रकमेएवढा. दोघांचेही उत्पन्न शेतीचे आणि करपात्र उत्पन्न कोणाचेच नसेल तर ही मनाई लागू नाही. असे असून नोटिशीच्या उत्तरात धमकी दिली जाते ती देणाऱ्याला : ‘रोख दिले म्हणता, बघा हं, आयकरवाले येतील.’ आणि देणारा घाबरून गप्प बसतो. न्यायालयांतही यावर बरीच वर्षे एकवाक्यता नव्हती. चेकच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये हिशेबाबाहेरच्या रोख रकमेचे देणे वसूल करण्याजोगे नाही म्हटले, तर २०२३ मध्ये नागपूर खंडपीठाने उलट कौल दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वाद मिटवला : नियम मोडला तर दंड होईल, पण म्हणून देणे बुडत नाही. हा निकाल साध्या मराठीत अर्ध्या पानावर उतरवून प्रत्येक तालुका विधी सेवा समितीच्या फलकावर लावला तर निम्म्या धमक्या बोथट होतील. दुसरी बाजूही त्याच पानावर असावी. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले आहे की २ लाख किंवा त्याहून जास्त रोख दिल्याचे दाव्यात म्हटले असेल तर न्यायालयाने आयकर खात्याला कळवायचे. लोकांना दोन्ही ठाऊक असू द्या.

आता मूळ मुद्दा, जो मला या पत्रात सर्वांत निकडीचा वाटतो. हातउसन्याची वसुली सोपी करा म्हटले की मंत्रालयात आणि चळवळीतही एकच शंका निघते : याचा फायदा सावकार घेतील. शंका रास्त आहे. ज्या राज्यात कापसाच्या आणि सोयाबीनच्या पट्ट्यात खासगी सावकारीने जमिनी गिळल्या, तिथे ती निघायलाच हवी. पण कागदपत्रांच्या अंगाने पाहिले तर चित्र उलटे दिसते. सावकार तोंडी व्यवहार करतच नाही. त्याच्या कपाटात सह्या केलेले कोरे चेक असतात, कोऱ्या स्टॅम्पवर अंगठे असतात, साठेखत असते, कधी थेट खरेदीखत असते. कागद नसतो तो बहिणीकडे, शेजाऱ्याकडे, सोबत नोकरी केलेल्या मित्राकडे, ग्रॅच्युइटीतून भाच्याला दुकान टाकून देणाऱ्या निवृत्त मास्तरांकडे.

आणि आपली कार्यपद्धती कागद असणाऱ्याला झुकते माप देते. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३७ म्हणजे झटपट दावा, ज्यात प्रतिवादीला बचाव करायलाही परवानगी काढावी लागते. तो वचनचिठ्ठीवर, हुंडीवर, लेखी करारावर लागतो. तोंडी उसनवारीवर लागत नाही. परक्राम्य संलेख कायद्याचे, म्हणजे चेक-वचनचिठ्ठ्यांच्या कायद्याचे, कलम १३८ चेक न वटलेल्यासाठी, आणि कलम १३९ प्रमाणे चेक देणे फेडण्यापोटीच दिला हे न्यायालय गृहीत धरते. कोऱ्या चेकवर सही करून दिली तरी हे गृहीतक लागू होते असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे. ते गृहीतक खोडता येते, देणाऱ्याच्या ऐपतीवर शंका उभी करता येते, हे खरे. पण सुरुवात कुठून होते ते पाहा : सावकाराच्या बाजूने कायदा काहीतरी धरून चालतो, बहिणीच्या बाजूने काहीच नाही. तोंडी व्यवहाराला सोपा मार्ग दिला तर सावकाराला नवीन काही मिळत नाही. त्याला जे हवे ते आधीच मिळालेले आहे.

सावकाराविरुद्धचा कायदाच कधी कधी शेजाऱ्यावर उलटतो, हेही आपल्या कानावर घालतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ हा चांगला कायदा आहे. बळकावलेली जमीन परत देण्याचा अधिकार त्यात सहकार विभागाच्या जिल्हा निबंधकांना आहे, विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि परवाना नसलेल्या सावकाराच्या दाव्यात हुकूमनामा करता येत नाही. त्याला कोणी हात लावू नये. पण तो लागू होतो सावकारीच्या धंद्याला, आणि त्यातले ‘कर्ज’ म्हणजे व्याजाने दिलेली रक्कम. अडीनडीला बिनव्याजी दिलेले पैसे त्यात बसत नाहीत. तरी हल्ली वसुलीची नोटीस गेली की आठवड्यात सहायक निबंधकांच्या कार्यालयात तक्रार पोचते : अमुक इसम अवैध सावकारी करतो. मग चौकशी, जबाब, गावात बोभाटा. ‘सावकार’ हा शिक्का बसू नये म्हणून माणूस पैसे सोडून देतो. तक्रारदाराला पहिल्याच दिवशी चार प्रश्न विचारले तरी खरी सावकारी आणि खोटी तक्रार बरीचशी वेगळी होईल : व्याज किती दिले, कसे दिले, तारण काय लिहून घेतले, याच माणसाने आणखी कोणाकोणाला पैसे दिले? सहकार विभागाला असे परिपत्रक काढायला सांगण्यात आपल्या विभागाला अडचण नसावी. (व्याज ठरलेलेच नसेल तरी १९७८ च्या व्याज कायद्याप्रमाणे लेखी मागणीच्या तारखेपासून न्यायालय व्याज देऊ शकते. ते मागितले म्हणून कोणी सावकार होत नाही. हेही निबंधक कार्यालयांना कळवावे.)

आता मागणीकडे येतो. ग्राम न्यायालय अधिनियम, २००८ हा २ ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात, दिवाणी वादांच्या यादीत, व्यापारी व्यवहारातून किंवा पैसे कर्जाऊ देण्यातून उद्भवलेले पैशाचे दावे नावानिशी आहेत. फी जास्तीत जास्त १०० रुपये, रक्कम कितीही असो. दावा सहा महिन्यांत निकाली काढायचा. न्यायाधिकाऱ्याने, म्हणजे तिथल्या न्यायाधीशाने, आधी तडजोडीचा प्रयत्न करायचा, गावात जाऊन फिरते न्यायालय भरवायचे. आणि कलम ३० : वादाचा निकाल लावायला मदत होईल असे न्यायाधिकाऱ्याला वाटले तर कोणताही अहवाल, जबाब, दस्तऐवज किंवा माहिती पुरावा म्हणून घेता येते, मग साक्षीपुराव्याच्या कायद्यात ती बसो वा न बसो. भिशीच्या काकूंची वही, बायकांच्या समक्ष झालेले बोलणे, फोनवरचा तो पाडव्याचा संदेश, हे सारे तिथे हॅश मूल्याविना ऐकता येईल. तोंडी उसनवारीसाठीच कोणी बसून लिहिले असावे असे हे कलम आहे.

पण ग्राम न्यायालय स्थापन करणे कलम ३ ने राज्य सरकारच्या मर्जीवर सोडले. उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून अधिसूचना काढावी लागते, आणि ‘काढता येईल’ असा शब्दप्रयोग आहे. आपल्या राज्यात काही ठिकाणी ती झाली, बहुतेक तालुक्यांत नाहीत. आमच्याकडे नाही. इमारत नाही, पदे मंजूर नाहीत, कनिष्ठ स्तर न्यायाधीश आधीच अपुरे, ही कारणे मला माहीत आहेत आणि ती खोटी नाहीत. वकील संघांचा विरोध हेही एक कारण आहे, तेवढे मात्र फाइलीवर येत नाही. आमच्या बाररूममध्ये ‘आपली कामे जातील’ असे उघड बोलले जाते. कुठली कामे जातील? जी आम्ही आज परत पाठवतो ती?

म्हणून मागतो ते असे. जिथे उसाची, कापसाची, दुधाची आवक-जावक आहे आणि त्यामुळे उसनवारीही मोठी आहे, अशा तालुक्यांपासून अधिसूचना सुरू करा. स्वतंत्र इमारतीसाठी अडून बसू नका. आहे त्याच न्यायाधीशाने आठवड्यातले दोन दिवस न्यायाधिकारी म्हणून बसावे, असे उच्च न्यायालयाला सुचवता येईल. आर्थिक मर्यादा ठरवणे उच्च न्यायालयाच्या हातात आहे, ती सध्याच्या भावाने ठरावी. बोअर आणि पाइपलाइनला आज किती लागतात ते कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. आणि ‘कर्जाऊ दिलेले पैसे’ यात बिनव्याजी हातउसने येतात की नाही, हा वाद पुढे निघू नये म्हणून आताच स्पष्ट करा. परिशिष्टात राज्याच्या अधिकारातल्या विषयांची भर उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने घालण्याची सोय कायद्यातच आहे.

शहरांना याचा उपयोग नाही, हे मान्य. कल्याणच्या चाळीत किंवा पिंपरीच्या कंपनीत दोन सहकाऱ्यांमध्ये झालेल्या उसनवारीला ग्राम न्यायालय नाही. तिथे दुसऱ्या प्रति-मधले अधिकारी, म्हणजे विधी सेवा प्राधिकरण, हात देऊ शकते. राष्ट्रीय लोकअदालतीत दाखलपूर्व, म्हणजे दावा लागण्यापूर्वीच्या, प्रकरणांचे गठ्ठे लागतात ते बँका, फायनान्स कंपन्या, मोबाइल कंपन्या आणि वीज थकबाकीचे. एक टेबल माणसा-माणसांतल्या उसनवारीसाठी ठेवा, नोटीस प्राधिकरणाच्या नावाने जाऊ द्या. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचे बळ आहे आणि त्यावर अपील नाही. खासगी वकिलाच्या नोटिशीला केराची टोपली दाखवणारे लोक प्राधिकरणाचा शिक्का पाहून येतात, हे मी पाहिले आहे. येत नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. तडजोडीची सक्ती कोणावर करता येत नाही. निदान तारखा पडण्यात तीन वर्षांची मुदत उलटू नये, लोकअदालतीत गेलेला काळ मुदतीतून वजा होईल अशी निःसंदिग्ध तरतूद असावी.

कागद करायला लोकांना शिकवा, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल. जरूर. पण शासनाने ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० आणि २०० रुपयांचे मुद्रांक ५०० वर नेले, तेव्हा छोट्या उसनवारीचा करारनामा करणे आणखी अवघड झाले. साधी वचनचिठ्ठी स्वस्तात होते, रेव्हेन्यू तिकिटावर सही पुरते. मात्र ते तिकीट लावायचे राहिले तर ती वचनचिठ्ठी पुराव्यात येतच नाही, नंतर दंड भरूनही दोष जात नाही. किती लोकांना हे माहीत आहे? वचनचिठ्ठीचा आणि पोचपावतीचा एकपानी मराठी नमुना सेतू केंद्रात आणि ग्रामपंचायतीत फुकट मिळावा. त्यात तिकिटाची चौकट छापलेली असावी आणि तळाला ‘तीन वर्षांच्या आत दावा किंवा नवी लेखी कबुली’ ही ओळ ठळक. मुदत उलटून गेल्यावरही देणेकऱ्याने सहीनिशी लेखी वचन दिले तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे तो नवा, पक्का करार होतो. ही ओळही त्याखाली राहू द्या. शेवटी नात्यात कागद मागणे अवघडच जाणार. पण ‘सरकारचा फॉर्म आहे, सगळेच भरतात’ असे म्हणता आले तर बहिणीची मान थोडी मोकळी होते.

अंमलबजावणीबद्दल थोडक्यात, कारण तो विषय वेगळ्या पत्राचा आहे. हुकूमनामा झाला म्हणजे पैसे आले नाहीत. दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावायची, समोरच्याची मालमत्ता आपणच शोधायची, बेलिफाच्या मागे हिंडायचे. पगार जप्त करायचा तर पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोनतृतीयांश सोडून. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दरखास्ती सहा महिन्यांत संपवा असे सांगितले, ते आमच्या न्यायालयातल्या जप्ती-वसुली पाहणाऱ्या नाझर शाखेपर्यंत पोचलेले दिसत नाही. खानावळीच्या बाईंना ७०,००० पैकी परत आलेले १०,००० वजा जाता ६०,००० रुपयांचा हुकूमनामा मिळाला, कारण भावाला धान्याची एकही पावती देता आली नाही. रोख रक्कम मुदतबाह्य ठरली. दरखास्त चालू आहे. जमीन अजून वडिलांच्या नावावर, ट्रॅक्टर मेव्हण्याच्या.

आपल्या उत्तराची वाट पाहतो. ‘प्रकरण तपासून उचित कार्यवाही करण्यात येईल’ असे नको. आमच्या तालुक्यासाठी ग्राम न्यायालयाचा प्रस्ताव आहे की नाही आणि असल्यास तो कोणत्या टेबलावर आहे, एवढे कळवावे. प्रस्तावाला वकील संघाचा ठराव लागत असेल तर मी तो पुढच्या सभेत मांडतो. विरोध होईल, पण सूचक म्हणून माझी सही आहे आणि अनुमोदनाला दोघे तयार आहेत.

आपला,
तालुका न्यायालयातील एक दिवाणी वकील